पाचवा पास

विषय: परदेशी वादकाच्या सिंगापूरमधील वास्तव्याच्या परवान्याबाबत.
संदर्भ: १) सन २००९ची फाईल. २) सन २०१३ची फाईल, जी पहिलीवरून उतरवून काढलेली आहे.

उपरोक्त विषयी सांगायचं ते असं, की रोहन, दिवा चालूच राहू दे. अंधार केल्याशिवाय भूत येत नाही, हा पुस्तकांनी पसरवलेला गैरसमज आहे. हे घडलं तेव्हा सगळे दिवे चालू होते, एसी चालू होता आणि लिफ्टही वेळेवर येत होती. आणि जाई, तू हळूच ‘व्हेअर गॉट घोस्ट, लाह’ म्हणालीस, ते ऐकू आलं. गोष्ट संपल्यावर पुन्हा म्हणून दाखव.

माणूस ओळखीतला आहे. निशिकांत देवस्थळी. इथेच टॅम्पिनीसला, दोन ब्लॉक सोडून राहतो. पुण्याहून अकाउंट्स शिकून आला आणि गाण्याचे कार्यक्रम भरवणाऱ्या एका लहानशा कंपनीत चिकटला. परदेशातून जे कलाकार यायचे त्यांचे वर्क पास, म्हणजे इथे काम करायचे परवाने काढायचे, हे त्याचं काम. स्वतः गाणं फारसं ऐकायचा नाही. ऐकलंच तर आईने दिलेली नाट्यगीतांची सीडी, तीही इस्त्री करताना.

ऑगस्ट २०१३मध्ये त्याच्या कंपनीने एक अमेरिकन बँड बोलावला होता. द टिन ऑर्चर्ड. अल्टरनेटिव्ह रॉक वाजवणारा. या बँडची सगळी कारकीर्द निशिकांतला पाठ होती, पण फाइलीतून. सन १९९१, ओहायोतल्या एका गावात, बंद पडलेल्या लॉन्ड्रीत पाच मुलांनी सुरुवात केली. ९४ साली दुसरी रेकॉर्ड तुफान गाजली. मग मासिकांची मुखपृष्ठं, मग गाणं कुणाचं यावरून भांडणं. ९९ला फाटाफूट. २००६ला पुन्हा एकत्र, कारण चाळिशीला टेकलेल्या माणसाला दुसरं काही येत नसेल, तर तो जे येतं तेच पुन्हा करतो. २००९ला सिंगापुरात एक कार्यक्रम झाला, तो छान झाला.

आता, कारकुनाची एक पद्धत असते. नवीन अर्ज भरताना मागची फाईल समोर ठेवायची, तारखा बदलायच्या, बाकी जसंच्या तसं उतरवायचं. आयुष्यभर ज्यांनी हे केलंय त्यांनी निशिकांतला हसू नये. त्याने २००९ची फाईल काढली आणि पाच नावं उतरवली. पासपोर्टचे नंबर तेच, मुदत शिल्लक. अमेरिकेहून बँडची नवी माहिती सहा पानांची आली होती, ती ‘सोबत जोडली आहे’ म्हणून जोडली. जोडली म्हणजे वाचली नाही.

पाचही पास मंजूर झाले.

बुधवार, २१ ऑगस्ट. सातव्या महिन्याची पौर्णिमा. चिनी लोकांच्या पितरांचा महिना तुम्हाला ठाऊकच आहे. इमारतींखाली पत्र्याच्या डब्यांतून पितरांसाठी कागद जळत होते. निशिकांत रात्री साडेदहाला विमानतळावर पासच्या मंजुरीची पाच पत्रं घेऊन उभा होता. बाहेर आले चौघे. पुढे गायक, वेस नावाचा, पिकल्या दाढीचा.

“मिस्टर व्हिटकर मागे राहिले का?” निशिकांतने विचारलं. “बेस गिटारवाले. डेल व्हिटकर.”

वेस त्याच्या हातातल्या पाचव्या पत्राकडे बघत राहिला.

“डेलला जाऊन दोन वर्षं झाली,” तो म्हणाला. “आम्ही कळवलं होतं तुम्हाला.”

कळवलं होतं. सहा पानांपैकी चौथ्या पानावर.

घरी आल्यावर निशिकांतने बायकोला, मेधाला सांगितलं तेव्हा ती पोळ्या डब्यात भरत होती.

“म्हणजे तू मेलेल्या माणसाचा परवाना काढलास.”

“काढला गेला.”

“निशी, आपला स्वतःचा पास एकतीस तारखेला संपतोय. नूतनीकरण अजून आलं नाही. आणि तू सहीनिशी खोटी माहिती दिलीस.”

“कॅन्सल करून टाक ना, बाबा,” राजस आतून म्हणाला. “सिंपल, लाह.”

निशिकांतलाही तसंच वाटलं. माणूस आलाच नाही, तर पास रद्द करायला दोन मिनिटं. रात्री पाऊण वाजता त्याने लॅपटॉप उघडला. पाचव्या नावाचं पान उघडलं. रद्द करा, असं बटण दाबलं.

उत्तर आलं: परवानाधारक देशात दाखल झाला आहे. दाखल झाल्याची वेळ, २१ ऑगस्ट, रात्री दहा चाळीस. रद्द करण्यासाठी परवानाधारकाच्या सहीचं, जाण्याची तारीख नमूद केलेलं निवेदन जोडावं.

त्याने पान बंद केलं. पुन्हा उघडलं. तेच.

त्याने मेधाला उठवलं नाही. तिच्या शेजारी पडून हिशेब लावत राहिला. पास गेला तर तीस दिवसांत देश सोडायचा. राजसची शाळा सुटणार. पुण्याचा फ्लॅट विकून आलेले. वयाची चाळिशी. परत जाऊन कुठल्या दारात उभं राहायचं? या एका विचारावर तो पहाटेपर्यंत आपटत राहिला, काचेवर माशी आपटते तसा.

गुरुवारी काही झालं नाही. शुक्रवारी, २३ तारखेला कार्यक्रम.

हॉल भरला. चौघे वाजवायला उभे राहिले, आणि डावीकडे डेलची जागा त्यांनी मोकळी ठेवली. तिथे नुसता माइकचा स्टँड. त्याचा बेस रेकॉर्डिंगवरून वाजणार होता. ते सुरू करायला आवाजाच्या टेबलाशी प्रबोध बसलेला. प्रबोध इथे यिशुनला राहणारा, आपलाच माणूस.

तिसरं गाणं सुरू झालं. निशिकांत टेबलामागे उभा होता. बेस खालून, जमिनीतून आल्यासारखा वाजत होता. बरा वाजत होता.

“निशिकांत,” प्रबोध मान न वळवता म्हणाला, “मी रेकॉर्डिंग सुरू केलंच नाहीये.”

“मग बंद कर.”

“काय बंद करू?”

टेबलावर बेसचा आवाज कमीजास्त करायची पट्टी शून्यावर होती. प्रबोधने तिच्यावरचा हात उचलून मांडीवर ठेवला. वेस गाता गाता डावीकडे वळला. मोकळ्या जागेकडे बघून गात राहिला. त्याचे गाल ओले होते, पण सूर कुठेही हलला नाही. लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

कार्यक्रम संपल्यावर निशिकांत पाच निवेदनं घेऊन रंगपटात गेला. चौघांनी सह्या केल्या, जाण्याची तारीख घातली. निशिकांत वेसपाशी थांबला.

“तुम्ही लिहून द्या,” तो म्हणाला. “डेल हयात नाही म्हणून. दोन ओळी. मला बायको आहे, मुलगा आहे. मी हात जोडतो.”

वेसने पेन खाली ठेवलं.

“त्याचं वाजवणं ऐकलंत ना तुम्ही आज? गाडीत झोपला होता तो. आम्ही चौघे हॉटेलात, आणि तो गाडीत. त्या दिवशी भांडण झालं होतं. सकाळी उठलाच नाही. दोन वर्षं प्रत्येक गावात जागा मोकळी ठेवतोय. कुठेच आला नाही. इथे आला, कारण इथे कुणीतरी त्याचं नाव लिहिलं. मी त्याला जा म्हणून लिहून देणार नाही.”

ते निघून गेले. पहाटेचं विमान होतं.

रात्रीचा एक वाजून वीस मिनिटं. प्रबोधही गेला. निशिकांत रंगमंचावर आला. सगळे दिवे चालू. समोर रिकाम्या खुर्च्या. त्याने मोकळ्या जागेसमोर एक खोकं ठेवलं, त्यावर पाचवं निवेदन, त्यावर पेन.

आणि मग त्याला दुसरं काही सुचेना म्हणून त्याने ते केलं, जे आपण दहाव्याला घाटावर करतो. कावळा शिवत नाही तेव्हा. हात जोडले, आणि गेलेल्याला विचारायला लागला, बाबा रे, तुझं काय राहिलंय? ओहायोच्या माणसाला, मराठीतून.

“तुझ्या घरी पत्र पाठवतो.”

काही नाही.

“तुझं त्या चौघांशी राहिलेलं भांडण… मिटलं असं मी त्यांना सांगतो.”

काही नाही.

“गाणं राहिलं का? दुसऱ्याचं नाव लागलंय का तुझ्या गाण्याला? मी लिहितो सगळीकडे. मला लिहिता येतं. तेवढंच येतं.”

कुठेतरी पत्रा वाजावा तसं काहीतरी झालं. एसी असेल. निशिकांत गुडघ्यांवर बसला. घाटावर याच वेळी घरातलं कुणीतरी रडायला लागतं. इथे घरातला तोच होता.

“मला पाठवतील रे परत,” तो म्हणाला. “सही कर. सही कर आणि जा.”



मग जमिनीतून… एकच सूर. खालचा. गुडघ्यांना जाणवला, कानांना नाही.

लांबला.

थांबेना.

निशिकांतला कळलं. काय राहिलंय ते कळलं. त्याला स्वतःलाही तेच हवं होतं, म्हणून कळलं.

“इथंच राहायचंय का?”

सूर थांबला.

“मी… मी तुझा अर्ज करतो. मुदतवाढीचा. हमी माझी.”

त्याने डोळे मिटले. पाठ फिरवली. घाटावर मागे बघत नाहीत. त्याने शंभर आकडे मोजले. मागे कागद हलला. की नाही हलला. शंभर झाले. वळला.

निवेदनावर सही होती. निळ्या शाईची, डावखुऱ्या माणसाची, उजवीकडे फरपटलेली. शाई ओली. जाण्याच्या तारखेचा रकाना कोरा.

खोक्यावर ठेवलेलं पेन काळं होतं.

हे निशिकांतने स्वतः सांगितलंय. रात्री नाही, सकाळी साडेनऊ वाजता, हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांपाशी, कॉफी पिता पिता. सांगताना त्याने त्या कागदाची घडी खिशातून काढून दाखवली आणि पुन्हा ठेवली. शाईला हात लावू दिला नाही.

त्याने शब्द पाळला. सोमवारी, २६ ऑगस्टला, डेल व्हिटकर यांच्या मुदतवाढीचा अर्ज दाखल केला. हमीदार: निशिकांत देवस्थळी. पत्ता: स्वतःच्या फ्लॅटचा, कारण रकाना कोरा सोडता येत नव्हता. दुसऱ्याच दिवशी त्याचा स्वतःचा पास नूतनीकरण होऊन आला. पुढेही येत राहिला, कुणी काही न विचारता.

द टिन ऑर्चर्ड त्यानंतर वाजले नाहीत. सिंगापूरचा तो शेवटचा कार्यक्रम. वेसने कारण दिलं, की जागा आता मोकळी ठेवावीशी वाटत नाही.

तीन वर्षांपूर्वी मेधाची आई अंथरुणाला खिळली, आणि मेधा म्हणाली, पुरे झालं, आता पुण्याला जाऊ. राजसही तयार होता. निशिकांतने नोकरीचा राजीनामा लिहिला, सामान बांधणारा माणूस बोलावला, आणि मग हमीपत्र काढून वाचलं. या वेळी सगळी पानं वाचली. अर्ज निकाली निघेपर्यंत हमीदाराला देश कायमचा सोडता येत नाही. मेधा राजसला घेऊन गेली. निशिकांत इथेच आहे. फ्लॅटमध्ये एकटा आहे असं तो म्हणतो, आणि जेवताना ताटं दोन घेतो.

दर सोमवारी तो अर्जाची स्थिती पाहतो. मंजूर नाही. नामंजूर नाही. काल, डिसेंबर २०१९च्या नऊ तारखेला, पाहिली.

अर्ज विचाराधीन आहे.