मधल्या सीटचा बेल्ट

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अंधार लागतो, वारा लागतो, कुठेतरी रडणारं कुत्रं लागतं. या गोष्टीत यातलं काहीही नाही. ही गोष्ट दिवसाढवळ्या, लख्ख उन्हात, चार वाजून दहा मिनिटांनी सुरू झाली. खोटी वाटली तर सोडून द्या. मला कुणाला पटवायचं नाही. माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीच्या बाबतीत हे घडलंय, आणि ज्या गाडीत घडलंय त्या गाडीत मी स्वतः बसले आहे.

एकदाच.

आमच्या ताईचं सोफे-खुर्च्या दुरुस्त करायचं दुकान आहे. फाटकं कापड काढायचं, दबलेला फोम बदलायचा, सांगाडा ठोकून घट्ट करायचा. घरात भावजी, नऊ वर्षांची चिंगी आणि ताईच्या सासूबाई. सासूबाईंच्या गुडघ्यांनी कधीचा संप पुकारलेला. त्यांना आठवड्यातून दोनदा उपचारांना न्यायचं, वॉकरसकट. उरलेले दिवस गिऱ्हाइकांचे सोफे आणायचे आणि पोचवायचे. त्यासाठी भाड्याचा टेम्पो, आणि तो कधी वेळेवर येईल तर शपथ.

म्हणून ताईला एकच गाडी हवी होती. चौघं ऐसपैस बसतील, मागची सीट पाडली की सोफा आत जाईल, आणि खिशाला झेपेल अशी.

भावजी म्हणाले, "म्हणजे घोडाही तोच आणि बैलही तोच."

"मी नाही का," ताई म्हणाली, "घरातही मीच आणि दुकानातही मीच."

ताईने दोन माणसांच्या सोफ्याच्या मापाची एक लाकडी चौकट ठोकली आणि ती घेऊन जुन्या गाड्यांचे अड्डे पालथे घातले. विकणारे इंजिनाचं कौतुक सांगत राहायचे, ही मागचं दार उघडून चौकट आत ढकलायची. एका गाडीत चौकट गेली, पण दार लागेना. एकीत सीट पडायची, पण मध्ये वीतभर पायरी राहायची. एकीत सगळं जमलं, तर सासूबाईंचे गुडघे पुढच्या सीटला टेकले.

आठवी गाडी एका अड्ड्याच्या पार मागे, भिंतीला लागून उभी होती. छोटी, राखाडी रंगाची स्टेशन वॅगन. चौकट आत गेली आणि वर चार बोटं जागा उरली. किंमतही इतर गाड्यांपेक्षा बरीच कमी.

"एवढी स्वस्त का?" भावजींनी विचारलं.

"रंग साहेब," विकणारा म्हणाला. "लोकांना रंग आवडत नाही." हे बोलताना तो गाडीकडे बघत नव्हता.

ताईचं लक्ष मागच्या सीटवर होतं. खड्डा बघून बसणारा कसा होता ते ती सांगते, तिचा धंदाच तो. कडेच्या दोन्ही जागा फारशा दबलेल्या नव्हत्या. मधली मात्र खोल दबलेली. गाडीत मध्ये माणूस नाइलाजाने बसतं. इथे कुणीतरी वर्षानुवर्षं बसलं होतं. पुढे सरकून, जरासं डावीकडे कलून, दोन सीटांच्या फटीतून रस्ता बघत.

मग तिने बेल्ट ओढून पाहिले. कडेचे वापरून मऊ झालेले.

मधला बेल्ट... कडक. कोरा. त्याची पहिली घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"कुठेतरी पाणी मुरतंय," भावजी हळूच म्हणाले. "ही नको."

ताईला कुणी नको म्हटलं की तिला चेव येतो.

"मुरू दे," ती म्हणाली. "चौकट बसली ना?"

गाडी घरी आली. ताईने त्याच दिवशी मधली सीट उसवली आणि नवा फोम घातला. इथे तिच्या हातून एक चूक झाली. आमचे वडीलही हेच काम करायचे. त्यांची एक पद्धत होती. नवं भरण घालताना मूठभर जुनं भरण मध्ये परत ठेवायचं, म्हणजे खुर्ची आपल्या माणसाला विसरत नाही. कुणाच्या आजोबांची खुर्ची असेल तर ठीक. पण ही गाडी तर परक्याची. हिचं आपलं माणूस कोण, हे ताईला कुठे माहीत होतं? हात सवयीने चालले. तिने मूठभर जुना फोम आत ठेवला आणि टाके घातले.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना घेऊन सगळे निघाले. मागे डावीकडे सासूबाई, उजवीकडे चिंगी. मधली जागा रिकामी.

चार वाजून दहा मिनिटांनी ताईने गाडी सुरू केली.

टिंग... टिंग... टिंग...

समोर लाल दिवा लागला. मागे मध्ये कुणीतरी बसलंय आणि बेल्ट लावलेला नाही.

"पिशवी असेल," भावजी म्हणाले. वळून बघितलं. पिशवी नव्हती. काहीच नव्हतं.

तेवढ्यात सासूबाई कुरकुरल्या, "या पोरीला जरा तिकडे सरकायला सांगा. कोपर टोचतंय तिचं."

चिंगी... पलीकडच्या खिडकीला डोकं टेकून झोपली होती.

मेकॅनिकने सेन्सर बदलला. तरी टिंग टिंग. पुन्हा बदलला. तरी तेच. शेवटी तो म्हणाला, "सीटवर वजन पडतंय मॅडम. मशीन खोटं बोलत नाही." आणि त्याने पैसे न घेता गाडी बाहेर काढायला सांगितलं.

ताईने सीटवर तळवा फिरवला. नवा फोम. भरपूर वापरला तरी दबायला तीन वर्षं जातील असा.

चार दिवसांत... खड्डा पडला होता.

तसाच. डावीकडे कललेला.

ताई घाबरली का? घाबरली. पण त्याच दुपारी एका गिऱ्हाइकाचा सोफा पोचवायचा होता. ती सीट पाडायला गेली, सीट पडेना. कळ दाबलेली, तरी पडेना. जसं काही कुणी वर बसूनच आहे.

ताईने कमरेवर हात ठेवले.

"ऊठ," ती म्हणाली. "माझं काम खोळंबलंय."

काही क्षण काहीच झालं नाही.

मग... सीट आपोआप, अगदी हळू, खाली पडली.

ताईने सोफा आत घातला आणि पोचवला.

इथवर सगळं ठीक होतं, असं ती आजही म्हणते. बसायचंय तर बसू दे, आपलं काय जातंय? पण पुढच्या आठवड्यात ती एकटी चिंगीला शाळेतून आणत होती. आरशात बघितलं तर चिंगी बेल्ट काढून, पुढे सरकून, दोन सीटांच्या फटीत तोंड घालून बसलेली.

"चिंगे, बेल्ट लाव."

"ती म्हणते, बेल्ट लावला की रस्ता दिसत नाही."

"कोण ती?"

चिंगीने शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. मग आईकडे. आईला एवढंसुद्धा कळत नाही, असा तिचा चेहरा होता.

त्या संध्याकाळी घरात रणकंदन झालं. भावजी कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी चढवला. "गाडी परत जाणार. उद्याच्या उद्या. माझ्या मुलीपेक्षा तुला सोफे मोठे?"

हे ताईला लागलं. खरंच लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाडी घेऊन अड्ड्यावर गेली. तिला बघताच विकणाऱ्याने किल्लीसाठी हात पुढे केला. कारणसुद्धा विचारलं नाही.

"कितव्यांदा परत येतेय ही?" ताईने विचारलं.

"तुम्ही चौथ्या."

"आधी कुणाची होती?"

"ते विचारू नका मॅडम. पैसे घ्या आणि सुटा. यापुढे टेम्पोच बरा."

तो शेवटचं वाक्य बोलला नसता तर कदाचित ही गोष्ट इथेच संपली असती. ताईच्या डोळ्यांपुढे आलं, सासूबाईंना जिना उतरवून रस्त्यावर तासभर ताटकळत उभं करायचं, दारात सोफा तयार ठेवून टेम्पोवाल्याचे फोन झेलायचे. आणि का? तर कुणीतरी आपल्याला आपल्याच गाडीतून हुसकावतंय म्हणून? तिने किल्ली मुठीत घट्ट धरली आणि परत आली.

दुकानासमोर गाडी उभी केली. बारा वाजले होते, टळटळीत ऊन. ती मागे, चिंगीच्या जागेवर जाऊन बसली. इंजिन चालूच ठेवलं होतं. टिंग टिंग चालूच होतं. तिने मधला कोरा बेल्ट ओढला आणि रिकाम्या जागेसमोर धरला.

"हे बघ बाई," ती म्हणाली. "तू कोण, कुठली, मला ठाऊक नाही, आणि मी विचारणारही नाही. ही गाडी मी आठ गाड्या बघून घेतलीय. मी ती सोडणार नाही. तुलाही उतर म्हणत नाही. पण माझ्या लेकीला भलतंसलतं शिकवलंस तर फोम, कापड, सांगाडा सगळं उचकटून पेटवून देईन. या गाडीत बेल्ट लावल्याशिवाय कुणी बसत नाही. मी माझ्या सासूबाईंना सोडत नाही, तू तर कोण."

टिंग... टिंग...

ताई हात धरून बसली. हाताला रग लागली.

मग... तिच्या बोटांतून बेल्ट अलगद ओढला गेला.

खट्.

आवाज थांबला. लाल दिवा विझला.

ताई त्यानंतर अर्धा तास दुकानाच्या पायरीवर बसून होती. पण संध्याकाळी भावजींना तिने ठणकावून सांगितलं, "गाडी राहणार. बोलणं झालंय आमचं."

भावजी महिनाभर त्या गाडीत बसले नाहीत.

आता ऐका. साधारण दोन महिन्यांनी, दुपारीच, ताई सासूबाईंना आणि चिंगीला घेऊन चढ चढत होती. पुढच्या ट्रकवरून एक सिमेंटचा पाइप सुटला आणि घरंगळत थेट यांच्या गाडीकडे आला. ताईने करकचून ब्रेक दाबला. आणि त्या क्षणी तिची नजर आरशात गेली.

मधला बेल्ट... ताणला गेला होता.

लोंबत नव्हता. हवेत, कुणाच्या तरी छातीवर ताणला जावा तसा. एक खांदा, मग छाती, मग पोट. कापड ताणलं की आतला आकार दिसतो, हे ताई रोज बघते. एका क्षणापुरता तिला पूर्ण आकार दिसला.

पाइप हातभर अंतरावरून गेला.

सासूबाई ठीक होत्या, देवाचं नाव घेत होत्या. चिंगीने खांद्यावरचा बेल्ट टोचतो म्हणून काखेखालून घेतला होता. तिचं डोकं पुढच्या सीटवर आपटायला हवं होतं. आपटलं नव्हतं.

ताईने तिला खाली उतरवून नखशिखांत तपासलं. ओरखडासुद्धा नाही. फक्त फ्रॉक छातीवर चुरगळला होता. ओढल्याच्या चुण्या आणि मुठीत धरल्याच्या चुण्या वेगळ्या असतात. ताईला हे कुणी शिकवायला नको.

त्या चुण्या मुठीच्या होत्या.

गाडी अजून ताईकडेच आहे. सोफे पोचतात, सासूबाई उपचारांना वेळेवर पोचतात. मधला बेल्ट कायम लावलेला असतो. सकाळी कुलूप उघडलं तरी लावलेलाच. सीट पाडायची असली की ताई "उतर जरा" म्हणते आणि बेल्ट सोडते.

मी गेल्या महिन्यात तिच्याकडे गेले होते. स्टेशनवर मला घ्यायला तीच गाडी आली. मी मागे डावीकडे बसले. वाटभर माझा उजवा दंड गरम होता. शेजारी माणूस टेकलं की होतो तसा. मी खिडकीबाहेर बघत राहिले. परत जाताना बस पकडली.

त्याच मुक्कामात एका दुपारी ताई गाडीत वाकून काहीतरी शिवत होती. चिंगीची सीट उसवली होती.

"हिला काय झालं?" मी विचारलं.

तिने फोम दाखवला. खिडकीकडचा भाग कोरा होता. मधल्या सीटकडची बाजू मात्र दबून उतरती झाली होती. रोज कुणाच्या तरी कुशीत शिरून बसणाऱ्या पोरीची असावी तशी.

"अगं, ते मूठभर जुनं भरण काढून टाक ना," मी म्हणाले. "अजून वेळ गेलेली नाही."

"कशाला काढू? चिंगीला धरलं तिने." ताईने माझ्याकडे बघितलं नाही. "रेलू दे पोरीला. बेल्ट लावतात ना दोघी? मग झालं."

तिचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. पण आमच्या ताईला, जी गेली वीस वर्षं न बघता सुई ओवते, त्या दिवशी धागा चार वेळा ओला करावा लागला.