मखमलीवरचा उलटा बाण

ती दुकानात आली तेव्हा माझ्या तोंडात खिळे होते.

आम्ही खुर्च्या-सोफ्यांना कापड चढवतो. एका हाताने कापड ताणायचं, दुसऱ्याने हातोडी मारायची, मग खिळे ठेवायचे कुठे? तोंडात. एकेक जिभेने पुढे सरकवायचा आणि ओळ संपेपर्यंत बोलायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. बाहेर पाऊस रिमझिमत होता. ती दारात उभी होती, कानांवर मोठे हेडफोन, हातात केसाळ टोपी घातलेला माईक. तिने विचारलं, हा ठोकण्याचा आवाज रेकॉर्ड केला तर चालेल का? मी मान हलवली. रोज दुकान उघडं असतं का? पुन्हा हलवली. मग तिने नाव विचारलं. आता नावाला मान कशी हलवायची?

"तोंडात मिठाची गुळणी धरलीय का?" ती म्हणाली.

मी ओठ उघडून खिळे दाखवले. ती दचकली आणि मग इतकी मनापासून हसली, की मला ती तिथल्या तिथे आवडली. ती ओळ मी वाकडी ठोकली. त्या दिवसापासून मी तिची 'मुकीबाई' झाले आणि आमच्याकडे ती 'रेडिओवाली'.

ती पुन्हा आली. मग पुन्हा. कधी पावसाचं निमित्त, कधी बॅटरी संपल्याचं. रेडिओसाठी ती एक कार्यक्रम करत होती: दोन बायकांचं, दोन पुरुषांचं नातं किती टिकतं आणि कशाच्या जोरावर. दोन म्हातारे शिंपी तिला म्हणाले होते, आमच्या झोपायच्या खोल्या वेगळ्या, त्यामुळे घोरण्यावरून भांडण नाही. एका नर्सने सांगितलं होतं, जोडीदारणीचा कंटाळा येतो, पण दुसऱ्या कुणाचा कंटाळा यावा असंही वाटत नाही. तीन महिन्यांत मोडलेली माणसंही भेटली होती. ती सगळं सांगायची आणि शेवटी स्वतःलाच विचारल्यासारखी म्हणायची, पण मग खरं कारण काय असेल?

"हे कुतूहल कामापुरतंच आहे," मी एकदा विचारलं, "की..."

"की काय?"

"की थोडं स्वतःपुरतंही?"

ती हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत राहिली. "मला सुरुवातीची भीती वाटत नाही, मुकीबाई. शेवटाची वाटते. माझं एकही प्रेम वर्षभर टिकलं नाही. पहिलं भांडण झालं, अबोला आला, की संपलं." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या घरच्या दोघींशी एकदा नीट बोलू दे. मग... मग सांगते."

"काय सांगणार?"

"ते मग."

झालं. माझा जीव टांगणीला लागला, आणि टांगणी आमच्या दोन म्हाताऱ्यांच्या हातात.

दुकान आत्याचं आणि मावशीचं. आत्या माझ्या वडिलांची बहीण. मावशी मात्र माझ्या आईची कुणीच नाही. ती आत्याची. दोघी तरुणपणापासून एकत्र राहतात, पण मी लहान असताना त्याला काय म्हणायचं हे घरात कुणाला सुचलं नाही, म्हणून मला 'मावशी' म्हणायला शिकवलं. गिऱ्हाइकांना वाटायचं, एक आईच्या सासरची आणि एक माहेरची, तरी सुखाने नांदतात, कमालच आहे. मी रेडिओवालीपुढे दोघींचं भरपूर कौतुक केलं होतं. कधी वरचा सूर लागलेला ऐकला नाही, असंही ठोकून दिलं होतं.

आणि नेमकी ती माईक घेऊन आली त्याच सकाळी दोघींचा अबोला.

कारण हिरव्या मखमलीचं. मखमलीला लव असते. ती सगळीकडे एकाच दिशेने बसली नाही, तर एकाच कापडाचे दोन रंग दिसतात. म्हणून कापायच्या आधी प्रत्येक तुकड्यावर खडूने बाण काढतात. आमच्याकडे बाण काढायचा मान आत्याचा. पण तिचा गुडघा दुखत होता, म्हणून आदल्या दिवशी मावशीने गुपचूप अर्धे बाण स्वतः काढून ठेवले. दोघी टेबलाच्या समोरासमोर उभ्या राहतात. एकीचं वर ते दुसरीचं खाली. सोफ्याला कापड चढवून झालं तेव्हा पाठ गडद हिरवी आणि बैठक पोपटी.

चुकीबद्दल आत्याचं काही म्हणणं नव्हतं. मला न विचारता माझं काम केलंस, मी काय निकामी झाले, यावर तिचं घोडं अडलं होतं.

"तिला सांग, पक्कड दे म्हणावं," आत्या मला म्हणाली. मावशी हातभर अंतरावर होती.

"तिला सांग, तिच्याच खिशात आहे," मावशी म्हणाली.

मी कपाळाला हात लावला. घरोघरी मातीच्या चुली हे खरं, पण आजच धूर व्हायला हवा होता का? रेडिओवाली हेडफोन चढवून कोपऱ्यात बसली होती. तिचा चेहरा उतरला होता. ती उठून जाईल, याची मला इतकी भीती वाटली, की मी तिच्याकडे बघायचंच सोडलं.

पण ती गेली नाही. दोघींनी बैठकीचे खिळे उपटले, मखमल फिरवली आणि पुन्हा ताणायला घेतली. हे काम एकटीचं नाही. एकीने ओढलं की दुसरीने त्याच क्षणी धरायचं, नाहीतर चुण्या पडतात. दोघींच्या तोंडात खिळे. शब्द नाही, खूण नाही, आणि कापड बोटभरही सरकलं नाही. मधेच आत्या खाली वाकली, तेव्हा मावशीने तिच्याकडे न पाहता पायाने एक उशी सरकवली. ती बरोबर आत्याच्या गुडघ्याखाली गेली. आत्यानेही न पाहता गुडघा टेकवला.

रेडिओवालीने हेडफोन काढले.

ओळ संपली, खिळे संपले. तेव्हा तिने धीर करून आत्याला विचारलं, इतकी वर्षं हे टिकलं कसं?

"टिकलं कुठे? मी आज सकाळीच सोडून जायचं ठरवलं होतं," आत्या म्हणाली. "लग्न झालेल्यांचं बिनसलं की दोन्हीकडची माणसं समजूत घालायला धावतात. आमच्यासाठी कोण धावणार? जायला आम्हाला दार कायम उघडंच. पण हातातलं काम अर्धं टाकून जाता येत नाही. आणि काम संपलं की भूक लागते."

"मग?"

"मग काय? हिच्याशिवाय घास उतरत नाही."

मावशी सोफ्यावरून हात फिरवत होती. ती आत्याला थेट म्हणाली, "पुढच्या वेळी विचारेन." आत्या म्हणाली, "विचार. मी नाहीच म्हणेन." आणि दोघी आत जेवायला गेल्या.

पाऊस थांबला होता. पन्हाळीतून थेंब पडत होते. मी काहीतरी करायचं म्हणून एक लहान स्टूल ओढलं, उरलेली मखमल टेबलावर पसरली. ती समोर येऊन उभी राहिली.

"मी मदत करू?"

मी बैठकीच्या तुकड्यावर बाण काढला आणि कडेच्या पट्टीसाठी खडू तिला दिला. मुद्दाम काही सांगितलं नाही. खिळे तोंडात टाकले आणि बघत राहिले. तिने जीभ दातांत धरून, फार काळजीपूर्वक बाण काढला. माझ्या बाणाच्या बरोबर उलटा.

मी खिळे तोंडातून हातावर काढले. ओळ संपणं सोडाच, सुरूही झाली नव्हती, पण नियम गेला खड्ड्यात.

"चुकलं?" तिने विचारलं.

मी टेबलाला वळसा घालून तिच्या बाजूला गेले. तिच्या खांद्याशी उभं राहून पाहिलं. तिथून तिचा बाण अगदी बरोबर होता.

"हो," मी म्हणाले, "आता मी तुझ्यावर रागावणार आहे."

"किती वेळ?"

"स्टूल होईपर्यंत. मग जेवू." आणि मग जे इतके दिवस खिळ्यांमागे अडलं होतं, तेही सांगितलं. "माझं तुझ्यावर प्रेम आहे. किती टिकेल, मला माहीत नाही."

मग तिने आपला बाण तळहाताने पुसला, तोच खडू लागलेला हात माझ्या गालावर ठेवला आणि म्हणाली, "मलाही माहीत नाही. बघूया की... तू तिकडून धर, मी इकडून ओढते."