वेलीवर राहिलेली द्राक्षं

'पानवेल चढे वरी, बाई पांगाऱ्याच्या जिवावरी...'

वसईच्या पानमळ्यात पानं खुडताना आई गायची. तोच स्वर आज नॉर्थ यॉर्कच्या बेसमेंटमध्ये बॅग भरणाऱ्या ब्लांचच्या कानांत दाटून आला! आई गेली तेव्हा धाकटा भाऊ लिओनेल जेमतेम शाळेत जाऊ लागला होता. "मला नाहीच करायचं लग्न," असं हसत हसत सांगून ब्लांचने आर्थरचं स्थळ परत पाठवलं, ती पांगारा झाली, आणि भाऊ तिच्या आधाराने चढत चढत थेट कॅनडाला पोहोचला...

आणि आज? मघाशी वर नाताळच्या जेवणात सोनेरी, गोड सोतेर्न वाइन ग्लासांत ओतताना लिओनेल सांगत होता, "फ्रान्समध्ये ही द्राक्षं वेळेवर तोडतच नाहीत. वेलीवरच सुकू देतात, बुरशी धरू देतात."

"म्हणजे आपल्या ब्लांच आन्टीसारखीच की!" पाहुणा आलेला दिलीप खिदळला. सगळे हसले. त्यांचं तिला काही नव्हतं... पण लिओनेलही हसला होता!

दार वाजलं. बाटली आणि ग्लास घेऊन तोच उभा होता.

"बाय, दिलीपचा जोक होता गो..."

"मी काही म्हटलं का? वसईचं तिकीट तेवढं बुक कर. इथली थंडी सोसवत नाही मला."

तो तिच्या पायांशी बसला, लहानपणी बसायचा तसा.

"शिकत असताना एका सुट्टीत फ्रान्सच्या त्या द्राक्षबागेत तोडणीला गेलो होतो ना? कुजकं पान करंडीत ठेवायचं नाही, हे तूच शिकवलेलंस. मी तिथेही बुरशी धरलेले मणी फेकत गेलो, टवटवीत तेवढे टोपलीत! म्हातारी मालकीण कपाळावर हात मारून म्हणाली, 'पोरा, सगळा गोडवा मातीत घातलास रे!'" त्याने ग्लास भरून तिच्या हातात दिला. "आज वर टेबलावर... पुन्हा तेच केलं गो मी. नको जाऊस, बाय!"

ब्लांचने एक घोट घेतला. मधासारखा दाट गोडवा... आणि शेवटी जिभेवर रेंगाळणारा किंचित कडसरपणा. गुडघ्यावर टेकलेल्या त्याच्या पिकू लागलेल्या केसांवरून तिची बोटं फिरत राहिली. किती वर्षांचा बांध होता तो! आज फुटला.

"लिओ... मला लग्न करायचं होतं रे. आर्थरबरोबर जायचं होतं मला... फार फार जायचं होतं!"