दोन कुप्या, एकच रक्त

"या दोन्ही कुप्यांत एकाच मुलीचं रक्त आहे," चारूने जाहीर केलं.

चारू म्हणजे चांद्रप्रवास केंद्रातल्या आरोग्यकक्षाचा यंत्रमानव. त्याचं बोलणं ऐकून आजोबांनी नातींकडे पाहिलं. चित्रा आणि स्वाती, हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या जुळ्या बहिणी, दोघीही एकदम छताकडे बघू लागल्या.

आता त्यांचं गुपित सांगायलाच हवं. दोघींनी आपापली भीती वाटून घेतली होती. स्वाती सुईला घाबरायची, म्हणून दोघींच्या सुया चित्रा टोचून घ्यायची. चारचौघांत बोलायचं म्हटलं की चित्राची बोबडी वळायची, म्हणून तिच्या नावाने वर्गात कविता स्वाती म्हणायची. आई चांद्रतळावर पाणी शोधणाऱ्या पथकात गेली, तेव्हापासून तर पडद्यावर आईशी चित्रा म्हणूनही स्वातीच बोलायची, कारण आईच्या मागे सहकाऱ्यांचा घोळका असायचा. आजवर कुणालाच पत्ता लागला नव्हता, निदान या दोघींना तसं वाटत होतं.

"पण आमची जनुकं (शरीर कसं घडवायचं याच्या सूचना) अगदी सारखी आहेत!" चित्रा म्हणाली. "मग याला कळलं कसं?"

"म्हणजे चोरी कबूल!" आजोबा हसले. मग गंभीर झाले. "संध्याकाळी चांद्रतळाकडे यान सुटतंय. स्वातीचं रक्त मिळालं नाही, तर तिला इथेच राहावं लागेल."

स्वातीचे डोळे भरून आले. आईच्या कुशीत शिरायचं, एवढंच तर तिला हवं होतं.

आजोबांनी तिला जवळ घेतलं. रक्त आणि रोग यांच्या अभ्यासात त्यांचा जन्म गेला होता. "सकाळच्या भाकऱ्या आठवतात? पीठ एकच, थापल्या मीच. तरी एक टम्म फुगली आणि दुसरी करपली. का बरं?"

"तुम्ही फोनवर गप्पा मारत होतात म्हणून," स्वाती मुसमुसत म्हणाली.

"बरोब्बर! जनुकं म्हणजे पीठ. पण भाकरी कशी होणार, हे तव्यावर काय घडतं त्यावरही ठरतं."

"मी पुढचं सांगतो," चारू म्हणाला. "माझ्याकडच्या नोंदीनुसार, लहानपणी मावशीकडे असताना स्वातीला कांजिण्या झाल्या. चित्राला झाल्या नाहीत. विषाणू शरीरात शिरले, की त्यांच्याशी लढायला शरीर प्रतिपिंडं (त्या त्या विषाणूला धरणारे बारीक कण) तयार करतं. आजार जातो, पण त्याची खूण रक्तात राहते. पण स्वातीचं नाव लिहिलेल्या कुपीत कांजिण्यांची खूण नाही. बाकीच्या खुणाही दोन्ही कुप्यांत तंतोतंत सारख्या आहेत. जुळ्यांच्या खुणासुद्धा इतक्या जुळत नाहीत."

"आणि चांद्रतळावर सगळे बंद हवेत राहतात, आजार पटकन पसरतो," आजोबा म्हणाले. "तिथे तू आजारी पडलीस, तर चित्राचं रक्त बघून तुला औषध देतील. ते चुकीचं ठरलं तर?"

चित्राचा चेहरा पांढराफटक पडला. आपण बहिणीला सांभाळतोय असं तिला वाटत होतं आणि इथे तिच्याच जिवावर बेतलं असतं.

"मला वाटायचं, आपण दोघी मिळून एकच आहोत," स्वाती पुटपुटली.

"एकच असता, तर एकमेकींचा हात कसा धरला असतात?" आजोबा म्हणाले.

स्वाती खुर्चीत बसली. डोळे घट्ट मिटून म्हणाली, "चित्रा, या वेळी फक्त हात धर."

चित्राने तो इतका आवळून धरला, की स्वाती कळवळली. "अगं, हळू! सुई कधी टोचणार?"

"टोचून झाली," चारू म्हणाला.

संध्याकाळी यानाच्या दाराशी प्रत्येकाने आपलं नाव सांगायचं होतं. तो आवाज थेट चांद्रतळावर ऐकू जाणार होता. मागे प्रवाशांची ही गर्दी! सवयीने स्वातीने दोघींच्या वतीने बोलायला तोंड उघडलं, पण लगेच मिटलं आणि बहिणीचा हात हातात घेतला.

चित्रा एक पाऊल पुढे सरकली. "मी... मी चित्रा," ती कशीबशी म्हणाली. "आई, आम्ही दोघी येतोय."

चंद्रावर आवाज पोहोचून उत्तर यायला जरासा वेळ लागतो. तेवढा वेळही चित्राला फार मोठा वाटला.

मग आईचा हसरा आवाज आला, "आज खरी चित्रा बोलली गं! किती दिवस वाट बघत होते मी."