कडी आतून होती

ही कुणाच्या कुणाकडून आलेली गोष्ट नाही. ज्यांच्यावर गुदरली ते माझ्या सख्ख्या मावशीचे यजमान. मी त्यांच्याच तोंडून ऐकली आहे.

काकांचा भुताखेतांवर काडीचा विश्वास नव्हता.

आणि हे रात्रीचं नाही. भर दुपारचं आहे. रविवार होता. वर रस्त्यावर ऊन नुसतं भाजून काढत होतं.

पण खाली, त्या स्टेशनात, दुपार कधी पोचतच नाही...

शहराच्या पोटात, जमिनीखाली ते स्टेशन आहे. काकांच्या लग्नाआधीपासून बंद. शेजारच्या रुळांवरून गाड्या अजून धावतात, पण तिथे एकही थांबत नाही. एका दंगलीत तिथे माणसं मेली, एवढं सगळ्यांना माहीत. दंगल कशावरून पेटली ते आता कुणी धड सांगत नाही.

काका लोखंड कापणारे. हातात गॅसकटर धरूनच उभी हयात गेली. जोडीला बारक्या. नाव बारक्या, पण देह असा, की तो लिफ्टमध्ये शिरला की बाकीच्यांनी जिना धरावा. वीस-बावीस वर्षं दोघं एकत्र. भांडणंही नवरा-बायकोसारखी.

स्टेशनचं गोदाम करायचं होतं. त्यासाठी जिन्याच्या तळाशी असलेला जुना सरकता दरवाजा काढायचा होता. लोखंडी पट्ट्यांची जाळी. आरपार दिसेल अशी.

काका आतल्या बाजूला, फलाटाकडे पाठ करून साहित्य मांडत होते. सिलिंडर जिन्यावर ठेवले होते. त्यांची नळी दारातून आत आली होती.

"मिस्त्री, इथे वास कसला येतोय?" बारक्याने विचारलं.

"तुझ्याच घामाचा असेल. वर जा, ऑक्सिजन जरा वाढव."

बारक्या हसत जिना चढला.

काकांनी गॉगल लावला. ज्योत पेटवली. खालच्या पट्टीवर धरली. लोखंड लाल झालं.

तेवढ्यात मागून गाडी गेली. वारा आला. फलाटावरची धूळ उठली.

पण आवाज आला नाही...

अख्खी गाडी गेली आणि चाकांचा आवाज नाही. काकांनी गॉगल वर सारून वळून पाहिलं. शेवटच्या डब्याचा दिवा बोगद्यात विझत होता.

मग दरवाजा सरकला.

आपोआप. वर्षानुवर्षं उघडाच गंजून बसलेला, दोघांनी जोर लावूनही तसूभर हलला नव्हता तो. सरसर सरकून बंद झाला. आणि आतल्या बाजूची कडी...

खट्‌.

"बारक्या, चेष्टा करू नकोस," काका म्हणाले.

उत्तर म्हणून जिन्यावरून पावलं ऐकू आली. एकाची नव्हेत. पुष्कळ माणसं एकदम खाली धावत येत होती. कुणी ठेचकाळत होतं. एक बाई कुणाला तरी हाका मारत होती.

जिन्यावर मात्र एकटा बारक्या दिसत होता. मध्येच उभा. वर बघत.

"मिस्त्री," तो अगदी हळू म्हणाला, "कोण आहेत ही माणसं?"

पहिला घाव त्याच्या गुडघ्यावर बसला.

मारणारं कुणी दिसलं नाही. पाय उलटा वाकला, एवढंच दिसलं. तो जिन्यावरून गडगडत आला आणि जाळीवर आपटला. नळीला हिसका बसला. ज्योत विझली.

उरला फक्त काकांच्या हेल्मेटवरचा दिवा.

त्या उजेडात काकांनी जे पाहिलं, ते सांगताना त्यांचा आवाज अजून फाटतो. बारक्याचं डोकं मागे ओढलं जायचं आणि जाळीवर आदळायचं. पुन्हा ओढलं जायचं. पुन्हा आदळायचं. नाक फुटलं. बरगड्या मोडताना सुक्या काटक्यांसारख्या वाजल्या. रक्त पट्ट्यांवरून ओघळून आत येत होतं.

"कडी काढ... मिस्त्री... कडी..."

कडी समोर होती. हात लांबवला की लागेल इतकी जवळ.

काकांनी हात उचलला...

आणि मागून कुणीतरी त्यांचा दंड धरला.

मग दुसरा. मग कमरेला हात. मानेला हात. गार, घामेजलेले, थरथरणारे हात. कानाशी कुणाचा तरी श्वास लागला.

"उघडू नका. ते आत येतील."

काकांनी लाथा झाडल्या. शिव्या दिल्या. पकड सुटेना. डोळे मिटून घ्यायचीही सोय नव्हती, कारण बारक्या थेट त्यांच्याकडे बघत होता.

कधीतरी हात सुटले. कधीतरी ती पावलं वर निघून गेली.

काकांनी कडीला बोट लावलं. ती अलगद निघाली.

काकांनी त्या डोंगराएवढ्या माणसाला पाठीवर घेतलं आणि जिना चढले. कसे चढले, त्यांचं त्यांनाच माहीत नाही.

पोलिसांनी साहजिकच काकांनाच धरलं. खाली दोघंच होते, दुसरं कोण मारणार? पण जखमा डॉक्टरांना कळेनात. एका माणसाच्या आवाक्यातलं हे काम नाही, म्हणाले. काठ्या, दगड, लोखंडी गज, सगळंच दिसत होतं. काका सुटले.

जिन्याच्या तोंडाशी एक म्हातारी पेपर विकते. सुटल्यावर काका सिलिंडर आणायला गेले, तेव्हा तिने त्यांना बसवून घेतलं.

"माझे वडील होते दंगलीच्या दिवशी आत," ती म्हणाली. "लोक जीव वाचवायला खाली पळाले. जे आधी पोचले त्यांनी दार ओढून घेतलं. मागचे जिन्यावरच राहिले. त्यांना दाराशी ठेचून मारलं. आतल्यांच्या डोळ्यांदेखत."

"कुणी उघडलं नाही?"

"वडील शेवटपर्यंत म्हणायचे, दाराला कुलूप होतं." म्हातारीने पेपरांची चळत सारखी केली. "कुलूप नव्हतं हो. नुसती कडी होती."

बारक्या वाचला. पाय गेला तो गेलाच. जबडा हलायला लागल्यावर पहिल्यांदा त्याने काकांना बोलावून घेतलं.

"कडी का नाही काढलीस?"

"मला धरलं होतं रे. मागून. कितीतरी जणांनी."



"माझं तोंड तुझ्याकडेच होतं, मिस्त्री. मला दिसत होती ती माणसं. पार मागे, भिंतीला चिकटून बसलेली. पोरांना पोटाशी धरून. तुझ्याजवळ कुणीच नव्हतं."

काकांनी बाह्या वर सारल्या. दोन्ही दंडांवर अजून बोटांच्या काळ्यानिळ्या खुणा होत्या. एकावर एक, कितीतरी जणांच्या.

बारक्याने त्या पाहिल्या. मग भिंतीकडे तोंड केलं.

तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. मी दोघांनाही लहानपणापासून ओळखते. दोघंही खोटं बोलणारे नाहीत.

मागच्या खेपेला मी धीर करून काकांना विचारलं.

"काका, ते हात सुटले कधी? मारणं थांबल्यावर... की आधी?"

काका उठून आतल्या खोलीत गेले.

मावशी मला एवढंच म्हणाली, "हे पुन्हा विचारू नकोस."