बुडख्यावरचे नाव

१९५७ सालचा नोव्हेंबर. सेकी गावात त्या वर्षी पर्सिमन उदंड आले होते. घरोघरी वळचणीला सोललेल्या फळांच्या माळा वाळत होत्या. गाव तलवारी घडवणाऱ्यांचे, पाती घासल्याचा आवाज दिवसभर चाले. पण त्या आठवड्यात हात कमी आणि तोंडेच जास्त चालत होती.

गुरुवारी सकाळी साके या तांदळाच्या दारूच्या भट्टीचे मालक तोगावा क्योसाकु नागोयाला इसोगाई फुसाच्या कचेरीत आले आणि बसता बसताच म्हणाले, "गुन्हेगार कोण ते मला शोधायचं नाही. ते ठाऊक आहे. मला पुरावा हवाय, शनिवारच्या आत."

"मग वकील गाठा, शेठ," फुसा म्हणाली. "ठाऊक असलेलं मी शोधत नाही."

फुसा पन्नाशीची, पाती घासणाऱ्या कारागिराची मुलगी. नवरा गेल्यावर तिने हा शोधाचा धंदा काढला होता. शेजारी वही घेऊन बसलेला हेइकिची तिचा धाकटा दीर, निवृत्त पोस्टमास्तर. वहिनीच्या आधी आपण एकदा तरी गुन्हेगार ओळखावा, एवढीच त्याची इच्छा होती.

तोगावाशेठने दात आवळून हकीकत सांगितली. देवळाला अर्पण करायला त्यांनी सेकीतले लोहार ओनुकी गुरुजी यांच्याकडून तलवार घडवून घेतली होती. पात्यावरचा ड्रॅगन मिझोगुची शिनो या बाईने कोरला होता. पात्याचा जो बुडखा मुठीत लपतो, त्याच्या पुढच्या बाजूला गुरुजींची सही होती. मागची बाजू मुद्दाम कोरी ठेवली होती. बुधवारी देवळात, सगळ्या गावासमोर शिनोने तिथे शेठचे नाव कोरायचे आणि त्याखाली स्वतःचे, असे ठरले होते.

"तिनं खुंटी काढली, मूठ उतरवली, पातं उलटलं. तर तिथं नाव आधीच कोरलेलं! 'तोगावा सेइतारो यांच्यासाठी.'"

"सेइतारो कोण?" हेइकिचीने विचारले.

"माझा थोरला भाऊ. युद्धात गेला. शिनोशी त्याचं लग्न ठरलं होतं." शेठ खिडकीकडे बघत म्हणाले, "दिवसकार्याला ती आली, तेव्हा मी तिला दारातून परत पाठवली. लग्न झालं नव्हतं, मग ती आमची कोण? त्याचा सूड घेतला बाईनं. भावाचं घर गिळून बसलेला म्हणून गावासमोर माझं तोंड काळं केलं!"

"पातं कधी कोणाकडे होतं?"

"रविवारी घासून गुरुजींकडे आलं. सोमवारी त्यांनी सही केली. मागची बाजू तेव्हा कोरी होती, हे ते स्वतः सांगतात. मंगळवारी दिवसभर शिनोकडे, ड्रॅगनचा एक पंजा सफाईनं करायला. बुधवारी देवळात. आता बोला!"

शनिवारी कारागिरांच्या मंडळाची सभा होती. शिनोचे नाव तिथे कापले गेले, तर सेकीतला एकही लोहार तिच्या दारी पाते पाठवणार नव्हता. तिला दुसरे कोणते काम येत नव्हते.

"सरळ प्रकरण आहे, वहिनी," आगगाडीत हेइकिची म्हणाला.

"हो ना, भाऊजी. इतकं सरळ, की कुणीतरी आखून ठेवल्यासारखं."

मंडळाच्या कचेरीत तलवार कुलपात होती. फुसाने मूठ उतरवली, बुडखा दिव्याखाली धरला आणि हेइकिचीला म्हणाली, "अंगठा फिरवा. आधी पुढून."

"मांजराच्या जिभेसारखं खरखरतं."

"आता मागून."

"नदीतल्या गोट्यासारखं गुळगुळीत. हे नाव झिजलेलं वाटतं. जुनं असेल."

"तोगावांनी तलवार सांगितली वसंतात, भाऊजी. जुनं कुठून येणार?"

हेइकिचीने वहीत 'गुळगुळीत' असे लिहिले आणि पुढे प्रश्नचिन्ह काढले.

शिनो चाळिशीला टेकली होती. दारातच तिने दोघांना आपादमस्तक न्याहाळले. "या. अजून कोण थुंकायचं राहिलंय?"

"आम्ही विचारायला आलोय," चपला काढत फुसा म्हणाली.

"विचारायला आलेले चपला काढत नाहीत, दारातूनच विचारतात. बसा मग."

बसायला जागा करावी म्हणून हेइकिचीने कामाच्या चटईवरचा एक छोटा ठोकळा एका हाताने उचलला आणि "आई गं!" म्हणून तो पायावर पाडून घेतला.

"शिसं आहे ते!" शिनो प्रथमच हसली. "विटेएवढं दिसतं म्हणून वीट नव्हे. दुसरी बाजू कोरताना पात्याखाली घेतात. मऊ असतं, खालच्या अक्षरांना जपतं. तुमच्या अंगठ्याला जपत नाही."

"मंगळवारी मूठ उतरवली होती?" फुसाने विचारले.

"पंजा मुठीपासून हातभर लांब. मूठ कशाला उतरवू?"

"अक्षराचं वळण तुमचंच आहे म्हणतात."

"माझं नाही, माझ्या वडिलांचं. त्यांच्या हाताखाली चार वर्षं दोघं जण शिकलो. मी आणि ओनुकी गुरुजींचा मुलगा कात्सुया." ती एकदम कडवट झाली. "बाई, ज्याचं नाव पंधरा वर्षं मी तोंडानं घेतलं नाही, ते छिन्नीनं घेईन? तेही या क्योसाकुच्या तलवारीवर?"

ओनुकी गुरुजींचा चेहरा विस्तवासमोर भाजून तांबूस झालेला होता. दोन्ही हात बाह्यांत खुपसून ते ताठ बसले होते. सुनेने आणलेला चहा समोर निवत होता.

"सही तुम्हीच केली?"

"माझी सही दुसरं कोण करणार?"

"खाली शिसं घेतलं होतं?"

"कोऱ्या बाजूला शिसं?" गुरुजी फिस्सकन हसले. "पाती घासणाऱ्याची मुलगी ना तू? ऐरणीवरच ठेवलं पातं."

"मागची बाजू उलटून पाहिलीत?"

"माझ्या घरातलं पातं मला उलटून बघावं लागत नाही."

"त्या वेळी खोलीत कोण होतं?"

"मी आणि कात्सुया. सही करताना दार बंद असतं, ही आमच्या घरची रीत. आणि ऐक. शिनोचं नाव माझ्या सहीसोबत एका पात्यावर जावं, हे मीच ठरवलं होतं. तिनं माझ्या पात्यावर घाण केली. तिला दया नको."

चहा तसाच राहिला. निघताना हेइकिचीने हळहळून त्या भांड्याकडे पाहिले.

बाहेर लोहारभट्टीपाशी कात्सुया कोळसा फोडत होता. "नागोयाहून बाई आणवली शेठनं? सेकीतल्या बायका कमी पडल्या वाटतं."

"शिनोबाईंबरोबर शिकलात तुम्ही."

"शिकलो. तिचा बाप म्हणायचा, ड्रॅगन तिला येतो, मला साप येतो." त्याने घण घातला. "आमच्या पात्यावर सात पिढ्यांत परकं नाव आलं नाही. आता बाबांना हुक्की आली. लोक विचारतील, तलवार ओनुकींची की शिनोची? झालं ते बरंच झालं."

"रविवारी पातं आलं तेव्हा कोण होतं घरी?"

"मीच. बाबा नदीपलीकडे बहिणीकडे गेले होते. का?"

"सहज."

रस्त्यात हेइकिची म्हणाला, "वहिनी, माणूस तिरसट आहे, पण सोमवारी नाव नव्हतं म्हणून बाप सांगतोय. मग मंगळवारच उरतो."

"बाप काय म्हणाला ते पुन्हा वाचा. नाव नव्हतं, हे त्यानं पाहिलं की धरून चालला?"

शनिवारी सभागृह भरले होते. शिनो एकटी एका कडेला बसली होती. तिच्या आजूबाजूच्या चार चटया लोकांनी रिकाम्या ठेवल्या होत्या. फुसाने तलवार पुढ्यात घेतली.

"छिन्नी मारली की अक्षराच्या कडेला लोखंडाची धस उभी राहते. नव्या अक्षरावर अंगठा अडतो. पुढची सही अशीच खरखरीत आहे. मागचं नाव मात्र गुळगुळीत आहे. झिजून नव्हे, चेपून. पातं त्या बाजूवर, कडक लोखंडावर पालथं ठेवून वरून घाव घातले, तरच धस अशी चेपते. लाकडी मुठीनं चेपत नाही."

इथल्या प्रत्येकाला पुढचे वाक्य कळले होते, हेइकिची सोडून.

"म्हणजे?" तो पुटपुटला.

"म्हणजे मागचं नाव आधी, सही नंतर. शिनोबाईंनी मंगळवारी नाव कोरलं असतं, तर त्याची धस शाबूत राहिली असती. सही झाली सोमवारी. नाव त्याच्या आधीचं. तेव्हा पातं तिच्याकडे नव्हतंच."

"पण ज्यानं कोरलं तो कारागीर ना?" तोगावाशेठ ओरडले. "त्यानं खाली शिसं का नाही घेतलं?"

"घेता येत नव्हतं, शेठ. सही होताना समोर दुसरा माणूस बसला होता. शिसं खाली घेतलं असतं, तर त्यानं विचारलं असतं, मागं काय आहे म्हणून." फुसा वळली. "गुरुजी, खोलीत तुम्ही दोघंच. सही करणाऱ्यानं पातं हातात घेऊन ऐरणीवर ठेवलं. मागचं नाव त्याच्या बोटांना लागल्याशिवाय राहिलं नसेल. सही तुमची असेल, तर हे कारस्थानही तुमचंच."

गुरुजींचा चेहरा राखेसारखा झाला.

"बाबा, बोलू नका," कात्सुया म्हणाला.

पण गुरुजींनी उजवा हात बाहीतून बाहेर काढला. तो थरथरत होता, वाऱ्यातल्या पानासारखा, थांबतच नव्हता. त्यांनी शेजारच्याची छिन्नी घेतली, लोखंडाच्या तुकड्यावर टेकवली. ती घसरली. पुन्हा टेकवली. पुन्हा घसरली.

"दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "माझ्या सह्या कात्सुया करतो. त्या दिवशी मी नुसता समोर बसलो होतो. मागे काही आहे, हे मला ठाऊक नव्हतं."

फुसा हळू म्हणाली, "रविवारी पातं आलं तेव्हा घरी कात्सुया एकटा. तिच्या वडिलांचं वळण त्याच्या हातात. सेइतारोची गोष्ट गावाला पाठ. शिनोबाईंवर आळ घ्यायला ते एक नाव पुरेसं होतं."

कात्सुया उभा राहिला. "हो, कोरलं! दोन वर्षं तुमची सही मी करतोय, बाबा. माझं नाव कुठंच नाही. आणि हिचं नाव तुमच्या शेजारी?"

"मला सांगितलं असतंस..."

"तुम्ही ऐकणारे होतात?"

गुरुजींनी हातातली छिन्नी खाली ठेवली. शिनो उठून तोगावाशेठच्या समोर जाऊन उभी राहिली. शेठ खाली बघत म्हणाले, "तरी नाव दादाचंच आहे त्यावर. ही तलवार मला नको."

"मग माझं उरलेलं काम मी करते," ती म्हणाली. आणि तिथेच, सगळ्यांसमोर, सेइतारोच्या नावाखाली तिने स्वतःचे नाव कोरले.

ती तलवार शेवटी देवळालाच गेली. तोगावाशेठने नंतर दुसऱ्या देवळाला घंटा दिली. युद्धात गेलेल्या भावाचे नाव त्यांच्या घरात पुन्हा कोणी काढले नाही. ओनुकी गुरुजींनी मंडळाला खोट्या सह्यांच्या पात्यांची यादी स्वतः दिली, भट्टी विझवली आणि सहा वर्षांनी गेले. हेइकिचीने आयुष्यात एकच गुन्हेगार वहिनीच्या आधी ओळखला, आणि तोही चुकीचा निघाला. फुसा सत्तरीपर्यंत शोध घेत राहिली. शिनोने डोळे जाईपर्यंत साठेक पाती कोरली आणि प्रत्येकावर आपले नाव घातले.

कात्सुया ओसाकाला कात्र्यांच्या कारखान्यात लागला. बारा वर्षांनी त्याने शिनोला एक जाडजूड पत्र पाठवले. तिने पाकिटावरचे अक्षर पाहिले आणि ते न फोडताच पोस्टमनच्या हातात परत ठेवले.