चिक्की बिघडवली कुणी?

"बिघडली! पुन्हा बिघडली!"

मनस्वीने मायक्रोवेव्हचं दार उघडलं आणि काळ्या धुराचा लोट तिच्या तोंडावर आला. काचेच्या वाडग्यातला गूळ डांबरासारखा झाला होता. शेजारी उभा असलेला तिचा चुलतभाऊ निकेश नाक दाबून म्हणाला, "वा! रस्त्यातले खड्डे बुजवायला छान आहे!"

"गप रे! मगाशी तूच म्हणालास ना, वेळ वाढव म्हणून?"

"कारण त्याआधीची तुझी चिक्की दातांना च्युइंगगमसारखी चिकटत होती!"

"आधी कच्ची आणि आता कोळसा! मधलं काही होतच नाही का या घरात?" मनस्वी रडवेली झाली.

तिचंही बरोबरच होतं. चिक्कीचा गूळ तोच, शेंगदाणे तेच, वाडगा तोच, बटणंही तीच. आणि गेल्याच आठवड्यात, पलीकडच्या गल्लीत अलिनाच्या घरी तिच्या अम्मीच्या, म्हणजे अमिरुन्निसाचाचींच्या मायक्रोवेव्हमध्ये हीच चिक्की अशी झकास झाली होती की अलिनाचा धाकटा भाऊ अयान ताटलीसुद्धा चाटत बसला होता. गॅसला हात लावायचा नाही, असं दोन्ही घरांतून पोरांना बजावलेलं होतं. म्हणून तर ही मायक्रोवेव्हची युक्ती!

"मग आमच्याच घरी करू या ना," अयानला घेऊन मदतीला आलेली अलिना म्हणाली. ती मनस्वीच्या वर्गातली आणि जिवाभावाची मैत्रीण.

"नाही चालत! रुखवतात घरची म्हणून मांडायची वस्तू नवरीच्याच घरात झाली पाहिजे, असं आत्या म्हणते."

सगळा घोळ त्या रुखवतापायीच होता. मनस्वीची मोठी बहीण हेतलताई हिचं उद्या लग्न, आणि आज संध्याकाळी हळद. पनवेलला खांदा कॉलनीला लागून असलेल्या गावठाणात त्यांचं दुमजली घर होतं आणि तिथे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठा सोहळा! अंगणात मांडव, मांडवात डीजे, मागच्या बाजूला मटणाचे टोप. खालच्या हॉलमध्ये गुलाबी सॅटिन पसरलेल्या टेबलावर रुखवत मांडलं जात होतं. लोकरीची तोरणं, मोत्यांची रांगोळी, करंज्या, अनारसे. नवरीबरोबर सासरी जाणाऱ्या या सगळ्या वस्तूंत मनस्वीच्या हातचं मात्र काहीच नव्हतं. ताई उरणला जाणार, खोली रिकामी होणार, हे तिला महिनाभर आतून टोचत होतं. कुणाशी बोलली नव्हती, पण आपल्या हातचं काहीतरी ताईबरोबर जायलाच हवं, असं तिने पक्कं ठरवलं होतं.

दारात चंद्रावती आत्या येऊन उभी राहिली. रुखवताचा सगळा कारभार तिच्या हातात.

"काय गो, घर पेटवताव का काय? खाली हॉलमधे पन जळका वास येतोय! पावन्यांसमोर शोभा करू नका."

"आत्या, एकदाच अजून! प्लीज!"

"दिवे लागायच्या आत चिक्की ताटात दिसली तर ठीक. नाय तर बाजारातला डबा आनून ठेवलाय, तो मांडनार. रुखवतात तोंड काळं केलेली वस्तू आमी ठेवत नाय."

आत्या गेली. मनस्वीने दात ओठ खात तिसरा घाणा लावला. या वेळी वेळ थोडा कमी केला. वाडगा बाहेर काढून पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकला. झालेला पाक पाण्यात कडक होतो, टक्कन मोडतो. हा थेंब मात्र आळसावलेल्या गोगलगायीसारखा तळाशी जाऊन पसरला.

"कच्चा!" निकेश ओरडला. "या मायक्रोवेव्हच्या अंगात येतं!"

"तूच मध्ये मध्ये दार उघडतोस!"

"मी? तू गूळ जास्त टाकलास!"

"भांडा अजून," अलिना कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "गुळाचा एकच खडा उरलाय, कळतंय का? आता चिक्की नाही करायची. आता फक्त पाणी तापवायचं."

"पाणी? रुखवतात पाणी ठेवणार?"

"अरे ढ! पाण्यात आपली चूक होऊच शकत नाही. एकच कप, एकच बटण. पाणी दर वेळी सारखंच तापलं, तर गडबड आपली. नाही तापलं, तर गडबड दुसऱ्या कुणाची तरी!"

निकेशने वाद न घालता कपात पाणी भरलं. हे दुर्मीळ होतं.

पहिला कप बाहेर आला तेव्हा नुसता कोमट होता. दुसराही कोमट. तिसऱ्या वेळी मात्र पाणी कपात खळाखळा उकळत होतं! अयान टाळ्या पिटत म्हणाला, "जादू!"

"जादू नाही," मनस्वी वर बघत हळूच म्हणाली. "पंखा बघा. आत्ता किती जोरात फिरतोय! मगाशी पाती मोजता येत होती."

सगळे पंख्याकडे बघत राहिले. थोड्या वेळाने खाली अंगणात काहीतरी घर्रर्र करून सुरू झालं आणि पंखा दमलेल्या बैलासारखा मंदावला. ट्यूबलाइटही थरथरली.

"डीप फ्रीझर!" निकेश खिडकीकडे धावला. "आइस्क्रीमसाठी आणलेला! आणि ते दोन जम्बो कूलर! ते सुरू झाले की आपला मायक्रोवेव्ह गळपटतो!"

"पण ते मांडवात आहेत. आपल्या किचनशी त्यांचा काय संबंध?"

संबंध फ्रिजच्या मागे सापडला. मायक्रोवेव्हच्याच बोर्डातून एक बारीक पांढरी वायर निघाली होती, ती खिडकीच्या गजांतून बाहेर पडून पाइपाला धरून खाली गेली होती. चौघेही जिन्यावरून धडाधडा उतरले. वायर खालच्या खिडकीतून हॉलमध्ये शिरली होती, रुखवताच्या टेबलाखालून, सॅटिनच्या झालरीमागून पलीकडे जाऊन थेट मांडवात निघाली होती. टेबलाजवळ येताच मनस्वीने नाक वर केलं.

"हा गुळाचा वास नाही! रबर जळल्याचा वास आहे!"

"आणि आत्या म्हणते आपणच जाळलं!"

निकेशने झालर उचलली. आतल्या बाजूला गुलाबी कापडावर तपकिरी डाग पडला होता. तो वायरकडे हात नेणार तोच अलिनाने त्याच्या हातावर फटका मारला. "हात लावू नकोस! मरायचंय का?"

निकेशने सरळ मांडवात जाऊन फ्रीझरचं आणि कूलरचं बटण बंद केलं. पण दोन मिनिटंही झाली नसतील, तोच त्याचा मोठा भाऊ प्रणितदादा धावत आला आणि बटणं पुन्हा चालू करून त्याने निकेशच्या टाळक्यात एक टपली मारली.

"आइस्क्रीम वितळवतोस? कुणी सांगितलं रे?"

"दादा, वायर तापलीय! कापड करपलंय!"

"ए, इंजिनिअरिंगला मी आहे का तू? ही लाइन मीच खेचलीय. सकाळी दोनदा फ्यूज उडाला, मग मी फ्यूजमध्ये चांगली जाड तार घातली. आता उडायचं नावच काढणार नाही!" दादाने कॉलर ताठ केली.

अलिना डोळे विस्फारून म्हणाली, "पण फ्यूज उडायलाच असतो ना? वायर जळू नये म्हणून?"

"जा जा, चिक्की करा!" म्हणत दादा डीजेवाल्याकडे निघून गेला.

मग पोरं आप्पांकडे गेली. आप्पा म्हणजे मनस्वीचे बाबा, बळीराम. सगळं गाव त्यांना आप्पाच म्हणायचं. दोन्ही कानांना दोन फोन लावून ते मांडवाच्या दारात उभे होते.

"आप्पा, ती वायर..."

"नंतर!"

"आप्पा, आग लागेल!"

"मनू, लगीनघर हाय! शंभर कामं हायेत. वायरचं प्रनित बघतोय. डोकं नका खाऊ माझं!"

मनस्वी पाय आपटत परतली. तिला इतका राग आला होता की डोळ्यांत पाणीच आलं. "चिक्की बिघडली तर सगळे ओरडायला तयार! आणि कारण सांगायला गेलो तर कुणाला वेळ नाही!"

"मोठी माणसं सांगून ऐकत नाहीत," अलिना म्हणाली. "त्यांना दाखवावं लागतं. तुझ्या आप्पांना सगळ्यात जास्त राग कशाचा येतो?"

मनस्वी आणि निकेश एकदमच बोलले, "थंड चहाचा!"

पुढचा बेत व्हायला वेळ लागला नाही. आप्पांना चहा लागायचा तो जीभ पोळेल असा. मागच्या बाजूच्या किटलीतून अयानने कपभर चहा आणला. तो चांगला गार होऊ दिला, मग फ्रीझरची घरघर सुरू असताना मायक्रोवेव्हमध्ये ठेवला आणि कोमट झाल्याझाल्या आप्पांच्या हातात दिला.

"थू! चहा हाय का गटाराचं पानी?"

"आप्पा, मायक्रोवेव्ह तापवतच नाही," मनस्वी अगदी गरीब चेहरा करून म्हणाली. "तुम्हीच बघा ना वर येऊन."

"एक चहा तापवता येत नाय तुमाला!" आप्पा तणतणत जिना चढले. त्यांनी स्वतः कप ठेवला, स्वतः बटण दाबलं. कप बाहेर काढून घोट घेतला आणि चेहरा वाकडा केला.

"बिघडलाय ह्यो डबा!"

"अजून एकदा, आप्पा. तेवढाच वेळ."

कप पुन्हा आत गेला. मनस्वीने खिडकीतून टॉवेल हलवला. खाली टपून बसलेल्या निकेशने खटाखट तिन्ही बटणं बंद केली. वर पंखा एकदम गरगरा फिरू लागला, ट्यूब लख्ख झाली आणि बघता बघता चहा कपातून उतू जाऊन काचेच्या ताटलीवर सांडला!

आप्पा आधी चहाकडे, मग पंख्याकडे, मग पोरींकडे बघत राहिले.

"आता निकेश फ्रीझर चालू करतोय," अलिना म्हणाली आणि टॉवेल दुसऱ्यांदा हलला. ट्यूब थरथरली. पंखा मंदावला. आप्पांची नजर बोर्डावरून फ्रिजच्या मागे गेली, तिथून वायरीवर, तिथून खिडकीबाहेर. आता त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. ते दोन-दोन पायऱ्या उतरत खाली गेले.

त्यांनी रुखवताची झालर उचलली, तेव्हा तपकिरी डाग तळहाताएवढा झाला होता आणि वायरचं प्लॅस्टिक वितळून कापडाला चिकटलं होतं.

"मेन बंद करा! पयला मेन बंद करा!"

मेन बंद झाल्यावर आप्पांनी ते कापड बाजूला केलं. "सांजच्याला इथं सगळ्या बायका बसनार होत्या," ते कसेबसे म्हणाले. "आनि लहान पोरं टेबलाखाली खेळनार." प्रणितदादाच्या फ्यूजमधली जाड तार त्यांच्या हातात आली, तेव्हा दादाची कॉलर आपोआप खाली आली होती. त्याच्या कानाचं काय झालं, ते इथे न लिहिलेलंच बरं!

सगळ्यांनी पोरांना जवळ घेतलं, पाठी थोपटल्या. फक्त मनस्वी पायरीवर बसून हमसाहमशी रडत होती.

"आता काय झालं गो, वाघिनी?" आत्याने विचारलं.

"घरातली वीजच गेली! आता मायक्रोवेव्ह कशावर चालणार? दिवे लागायच्या आत चिक्की कशी होणार?"

आत्या आप्पांकडे बघू लागली. बाजारातला डबा तिच्याच हातात होता.

आप्पांनी फोन फिरवला. संध्याकाळी उशिरा येणारा जनरेटर त्यांनी तातडीने मागवला. तो येईपर्यंत मांडवात काळोख उतरू लागला होता. पाहुणे जमले, हळदीची वाटी तयार झाली, लग्नाची पारंपरिक गाणी गाणारी धवलारीण येऊन बसली. जनरेटर धडधडायला लागताच डीजेवाला वायर घेऊन धावला. "आप्पा, साउंड जोडू ना?"

"थांब!"

"मग लायटिंग?"

"ते पन थांबल. ती जाड केबल वर घेऊन जा, किचनमधे. पयला मायक्रोवेव्ह!"

"लग्नात मायक्रोवेव्ह?" डीजेवाल्याला वाटलं, आप्पांना ऊन लागलं.

"माज्या पोरीची चिक्की व्हायची हाय. तवर हळद थांबल."

वर एकाच बल्बच्या उजेडात चौघेजण वाडग्यात डोळे घालून बसले. शेवटचा गुळाचा खडा, चमचाभर तूप. थोडं तापवायचं, बाहेर काढून ढवळायचं, पुन्हा तापवायचं. निकेशने दाराला हातही लावला नाही. मनस्वीने थेंब पाण्यात टाकला, बोटांत धरून दाबला.

टक्!

"झाला!" चौघेही किंचाळले. शेंगदाणे पडले, तूप लावलेल्या ताटावर गोळा ओतला गेला, लाटणं फिरलं, अलिनाने गरम असतानाच वड्या पाडल्या. मनस्वी ताट घेऊन खाली आली, तेव्हा अंधारात बसलेल्या अख्ख्या मांडवाने टाळ्या वाजवल्या. आत्याने बाजारातला डबा गुपचूप एका काकूच्या पिशवीत सरकवला आणि रुखवताच्या मधोमध जागा करून म्हणाली, "ठेव हितं. माजीच चूक झाली गो. जळका वास वायरचा, नि मी तो तुमच्या माथी मारला. तुमचं नाक माज्यापरीस तिखट!"

"नाकाला आणि डोक्याला, दोन्हीला मानलं," आप्पा म्हणाले. "प्रनितची इंजिनिअरिंगची फी वाया गेली वाटतं!"

मनस्वी ताट टेबलावर ठेवणार, तेवढ्यात पिवळी साडी नेसलेली हेतलताई पुढे आली. एक वडी उचलून तिने कडाकडा चावली.

"रुखवतात नको ठेवू ही," ती म्हणाली.

मनस्वीचा चेहरा उतरला. "का? नाही आवडली?"

"रुखवत लोक बघतात आणि तिथल्या तिथे वाटून संपवतात. चार वड्या ठेव तिथे, आत्याच्या समाधानाला. बाकीच्या डब्यात भर आणि माझ्या बॅगेत ठेव, साड्यांच्या खाली, कुणाला दिसणार नाहीत अशा." ताईने उरलेली अर्धी वडी तिच्या तोंडात घातली. "तिकडे पहिल्या दिवशी मला तुझी आठवण येईल ना, तेव्हा एकटीने खायला."

दिवसभर चिडलेली, रडलेली, भांडलेली मनस्वी तिला अशी बिलगली की दोघींनाही सोडवणं कुणाला जमेना. अंगणात डीजेवाला वायर हातात धरून अजून विचारत होता, "आता तरी जोडू का हो आप्पा?"